बारावी, रमजान आणि दिवसाचे चोवीस तास

"वेळेत बरकतच राहिली नाही हो!" हे वाक्य हल्ली आपल्या प्रत्येक घरात ऐकू येते. दादी म्हणते, अम्मी म्हणते आणि कॉलेजात जाणारा मुलगाही म्हणतो. दादी म्हणते तेव्हा ऐकून घ्यावेसे वाटते, कारण पाट्यावर मसाला वाटून आणि आडाचे पाणी ओढून तिने सात मुले वाढवली, तरी तिला दुपारी टेकायला वेळ मिळत होता. मुलगा म्हणतो तेव्हा त्याच्या हातात फोन असतो, आणि मग आम्हाला थोडे हसू येते.

या महिन्यात आलेल्या पत्रांत मराठवाड्यातल्या एका भगिनीचे पत्र आम्ही बाजूला काढून ठेवले. त्यांची धाकटी मुलगी यंदा बारावी सायन्सला आहे. तिला फार्मसीला जायचे आहे. थोरलीच्या बारावीच्या वेळी रोजे, स्वयंपाक, पाहुणे, तरावीह आणि पेपर असे सगळे एकदम आले आणि तिचे गुण कमी पडले. त्या लिहितात, "मुलगी हुशार होती, आळशी नव्हती. पण वेळ कुठे गेला ते कळलेच नाही. धाकटीच्या वेळी असे होऊ नये, यासाठी काय करावे?"

अशा प्रश्नाला 'पहाटे उठा, वेळापत्रक करा, मोबाईल टाळा' एवढे उत्तर देऊन भागत नाही. ते सगळ्यांना पाठ असते. म्हणून यंदाचे पान आम्ही या एकाच प्रश्नाला देत आहोत. ज्यांच्या घरी बारावी नाही, दहावी आहे, त्यांनाही यातले बरेचसे लागू पडेल.

आधी कॅलेंडर समोर घ्या. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असते, त्यामुळे रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येतो. २०२५ साली तो मार्चच्या सुरुवातीला लागला, २०२६ साली फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात. येत्या २०२७ मध्ये, चंद्रदर्शनावर अवलंबून, तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात लागेल असे दिसते. आपल्या बोर्डाच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमधल्या. म्हणजे यंदाही पेपर रोज्यातच. यात अचानक असे काहीच नाही. ज्या आयांनी १९९२ ते १९९४ च्या सुमारास दहावी-बारावी दिली, त्यांना आठवत असेल, तेव्हाही रमजान असाच परीक्षेच्या आगेमागे होता. चक्र फिरून पुन्हा तिथेच आले आहे. आणखी दोनेक वर्षांनी ते परीक्षेच्या पलीकडे सरकेल, आणि २०३० साली तर एकाच इंग्रजी वर्षात जानेवारीत एकदा आणि डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा एकदा रमजान सुरू होईल. सांगायचा मुद्दा एवढाच की ही अडचण पाच महिने आधी दिसत असते. जी अडचण पाच महिने आधी दिसते, तिच्यासाठी फेब्रुवारीत धावपळ करायची वेळ येऊ नये.

परीक्षेच्या दिवसांत रोजा ठेवावा की कसे, हा प्रश्न आम्ही इथे घेत नाही. मुलीची तब्येत तुम्हाला ठाऊक, आणि मसला विचारायला तुमच्या गावचे आलिम आहेत. बहुतेक मुली रोजा ठेवूनच पेपर देतात, म्हणून आम्ही तोच धरून चाललो आहोत.

आता हिशेब. हा अंक हाती पडेल तेव्हा सप्टेंबर असेल. फार्मसीला जाणारी मुलगी म्हणजे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र. बालभारतीच्या सध्याच्या पुस्तकांत भौतिकशास्त्राचे १६ धडे आहेत, रसायनशास्त्राचे १६ आणि जीवशास्त्राचे १५. एकूण ४७. मुलीला विचारा, एक धडा नीट तयार व्हायला किती दिवस लागतात? ती म्हणेल, "एक-दीड दिवस." चला, दीड धरू. ४७ धड्यांचे झाले साधारण ७० दिवस. मग ती म्हणेल, "अम्मी, नोव्हेंबरपासून सुरू केले तरी जानेवारी संपेपर्यंत ९२ दिवस आहेत. बावीस दिवस शिल्लक राहतात!"

इथेच सगळी घरे फसतात. माणूस आपल्या कामाला लागणारा वेळ नेहमी कमी धरतो. या सवयीला डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली नाव दिले. पुढे १९९४ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी विद्यापीठातल्या मुलांना विचारले की तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल? मुलांचा अंदाज सरासरी ३४ दिवसांचा होता. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५. याहून गमतीची गोष्ट पुढे आहे. "सगळे उलटेच घडले तर किती दिवस लागतील?" असेही त्यांना विचारले होते, तेव्हा त्यांनी सुमारे ४९ म्हटले होते. म्हणजे वाईटातला वाईट अंदाजही कमीच पडला. ही मुले आळशी नव्हती. अंदाज बांधताना माणूस फक्त काम डोळ्यांसमोर आणतो. ताप, लग्नघर, वीज जाणे, मामू अचानक गावाहून येणे हे त्याला दिसत नाही.

तेव्हा मुलीच्या ७० दिवसांना त्याच पटीने वाढवा. सुमारे ११५ होतात. नोव्हेंबर ते जानेवारीच्या ९२ दिवसांत ते बसत नाहीत. १ ऑक्टोबरला सुरुवात केली तर ३१ जानेवारीपर्यंत १२३ दिवस मिळतात. त्यांतही पूर्वपरीक्षा आहे, प्रात्यक्षिके आहेत, इंग्रजी आणि दुसऱ्या भाषेचा विषय आहे. म्हणजे जेमतेम. पण जेमतेम का होईना, बसते. थोरलीच्या वेळी 'वेळ कुठे गेला' असे जे वाटले, त्याचे उत्तर बहुधा इथे आहे. वेळ रमजानमध्ये गेलाच नव्हता. तो ऑक्टोबरमध्ये गेला होता, जेव्हा परीक्षा लांब वाटत होती आणि घरात कोणालाच घाई नव्हती.

म्हणून आमचे पहिले सांगणे असे की नवीन धडा शिकण्याचे काम रमजान लागण्याआधी संपले पाहिजे. रमजानमध्ये फक्त उजळणी आणि पेपर. एखादा विषय मागे राहत असेल तर जानेवारीतच ठरवा की त्यातले कोणते दोन-तीन धडे वरवर करायचे. सोडून देण्याचा निर्णय थंड डोक्याने घेतला तर नुकसान कमी होते. परीक्षेच्या आदल्या रात्री घेतला तर हातपाय गळतात.

आता उजळणी कशी करावी? इथे आम्हाला आपल्याच मोहल्ल्यातल्या मदरशाची आठवण होते. हिफ्ज करणारा दहा-बारा वर्षांचा मुलगा रोज काय करतो, ते कधी बसून पाहिले आहे का? त्याच्या दिवसाचे तीन भाग असतात. सबक म्हणजे आजचा नवा धडा. सबकी म्हणजे गेल्या काही दिवसांत पाठ केलेले. आणि मंजिल म्हणजे जुने, महिन्यांपूर्वीचे. तिन्ही रोज व्हावे लागतात. नवा सबक कितीही चांगला झाला तरी मंजिल कच्ची असेल तर उस्ताद पुढे जाऊ देत नाहीत. आणि ऐकवताना मुसहफ बंद असतो. न बघता म्हणायचे, अडले की उस्ताद सांगणार.

आपली कॉलेजातली मुले नेमके याच्या उलट करतात. फक्त सबक करतात. एक धडा संपला की पुढचा, त्यानंतर पुढचा, आणि पहिला धडा थेट फेब्रुवारीत उघडतात. तोवर तो कोरा झालेला असतो. उजळणी करायची म्हटली तरी पुस्तक उघडे ठेवून रंगीत पेनाने खुणा करत वाचतात. वाचताना सगळे ओळखीचे वाटते आणि 'येते' असा भास होतो. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या दोन संशोधकांनी २००६ साली हे तपासले. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने पुस्तक मिटून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा त्यांना ४२ टक्के आठवत होते आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. बोर्डाचा पेपर पाच मिनिटांनी नसतो, हे वेगळे सांगायला नको. हाफिज घडवणाऱ्या उस्तादांना ही गोष्ट शतकानुशतके ठाऊक आहे.

तेव्हा मुलीच्या अभ्यासाचेही तीन भाग पाडा. समजा ती रोज पाच तास बसते. तीन तास सबक, म्हणजे नवा धडा. एक तास सबकी, म्हणजे या आठवड्यातले धडे पुस्तक मिटून लिहून काढणे. एक तास मंजिल, म्हणजे महिन्या-दोन महिन्यांपूर्वीचा एखादा धडा, त्याचे प्रश्न. ऐकून घ्यायला उस्ताद कुठून आणायचा? अम्मीने पुस्तक हातात धरावे. अम्मीला रसायनशास्त्र येण्याची गरज नाही. मुलगी बोलते ते पुस्तकात आहे की नाही, एवढे बोट ठेवून पाहता आले की पुरे. सातवी शिकलेली आईदेखील हे काम उत्तम करते, आणि मुलीलाही कोणीतरी आपले ऐकत आहे याचा आधार वाटतो. भाज्या निवडताना हे सहज होते.

रमजानच्या दिवसाकडे वळू. पुष्कळ जण म्हणतात, रमजानमध्ये सगळे वेळापत्रक कोलमडते. आम्हाला हे पटत नाही. वर्षातल्या कोणत्याही महिन्यापेक्षा रमजानचा दिवस अधिक आखलेला असतो. सहरी कधी संपते आणि इफ्तार कधी, हे मिनिटामिनिटाने छापलेले असते आणि सगळे घर ते पाळते. कोणी म्हणत नाही की आज कंटाळा आला, सहरी सात वाजता करू. वेळ पाळण्याचा एवढा सराव दुसऱ्या कशात होतो? वेळेची ही काळजी आपल्याकडे जुनीच आहे. जुन्या काळी मोठ्या मशिदींत नमाजच्या वेळा काढण्यासाठी खास माणूस नेमलेला असे, त्याला मुवक्कित म्हणत. दमास्कसच्या उमय्या मशिदीचे मुवक्कित इब्न अल-शातिर हे मोठे खगोलशास्त्रज्ञ होते आणि १३७१ साली त्यांनी त्या मशिदीच्या मीनारासाठी भव्य सौरघड्याळ बनवले होते. आपल्या हाती त्या मानाने छापील तक्ता आयता येतो.

तक्ता मात्र आपल्या गावचा घ्या. फेब्रुवारीच्या मध्यावर मुंबईत सहरीची वेळ पावणेसहाच्या आसपास संपते आणि मगरिब साडेसहा ते पावणेसातच्या दरम्यान होते. नागपुरात सूर्य मुंबईपेक्षा वीस-पंचवीस मिनिटे आधी उगवतो आणि मावळतोही आधी. मराठवाडा मध्ये कुठेतरी. कोकणातल्या शाफई घरांत असरची वेळ हनफी घरांपेक्षा पाऊण-एक तास आधी होते. त्यामुळे मुंबईच्या नातेवाइकाने पाठवलेले वेळापत्रक परभणीत जसेच्या तसे चालत नाही.

बोर्डाचा सकाळचा पेपर ११ ते २ असतो. म्हणजे सहरीनंतर पाच तासांनी सुरू होतो आणि आठ तासांनी संपतो. यावरून दिवस आखायला घ्या. सहरी आणि फजरनंतर लगेच झोपण्याची आपल्याकडे सवय आहे. परीक्षेच्या महिन्यात ही सवय महाग पडते, कारण पोटात अन्न-पाणी आहे, घर शांत आहे, फोन वाजत नाही, अशी वेळ दिवसात दुसरी नाही. सव्वासहा ते पावणेनऊ हे अडीच तास सगळ्यात अवघड विषयाला द्या. पेपर नसलेल्या दिवशी ११ ते २ या वेळेतच जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवायची. डोक्याला त्या वेळी चालण्याची सवय लागली पाहिजे. जोहर त्यानंतर आरामात मिळते. मग पाऊण तास झोप. आपल्याकडे तिला कैलुला म्हणतात, शेजारी वामकुक्षी म्हणतात, गुण एकच. पण पाऊण तास म्हणजे पाऊण तास. दोन तास झोपले तर उठल्यावर डोके जड होते आणि रात्री झोप येत नाही.

असरनंतरच्या वेळेचा हट्ट धरू नका. तहान लागलेली असते, स्वयंपाकघरात कढई चढलेली असते, लहान मुले दर दोन मिनिटांनी घड्याळ विचारतात. त्या तासात कोणी गणिताचे सूत्र पाठ केले असेल असे आम्हाला वाटत नाही. तो वेळ घराला द्यावा. इफ्तार, मगरिब, इशा, तरावीह झाली की साडेनऊ-दहा वाजतात. त्यानंतर फक्त उद्याच्या विषयाची वही चाळायची, नवीन काही नाही, आणि साडेदहाला दिवा बंद. पावणेपाचला उठायचे तर सहा-सव्वासहा तास होतात, दुपारची झोप धरून सात. यापेक्षा कमी झोपेवर सलग तीन आठवडे पेपर देणे मुलीला झेपणार नाही. रात्रभर जागून सहरी करून मग झोपणाऱ्या मुलांचे उदाहरण तिला कोणी देत असेल, तर त्या मुलांना सकाळी अकराला पेपर नसतो हे लक्षात आणून द्या.

आता खरे बोलायला हवे. वर लिहिलेले वेळापत्रक मुलाने भिंतीला लावले तर घर त्याला सांभाळून घेते. "अभ्यास करतोय, त्याला हाक मारू नका." मुलीने तेच लावले तर? फजरनंतर पुस्तक उघडले की सहरीची भांडी पडलेली असतात. अकरा वाजता प्रश्नपत्रिका घेऊन बसली की धाकट्याला शाळेत पाठवायचे असते, कोणीतरी दार वाजवते, "बेटा, जरा चहा." रोज्यातही दादांना आजारपणामुळे चहा लागतो, हे आम्ही समजतो. दुपारी तीनला कोणीतरी म्हणते, समोश्यांची पट्टी लाटायला घे, इफ्तारला फूफी येणार आहेत. प्रत्येक काम दहा मिनिटांचेच असते. अशी दहा कामे झाली की दिवस संपतो, आणि शेवटी मुलीलाच ऐकावे लागते की तिला वेळेचे नियोजन जमत नाही.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घरकामात जात असल्याचे दिसले. घरकाम करणाऱ्या पुरुषांचे ८८ मिनिटे, आणि घरकामाला हात लावणारे पुरुष मुळात चारांत एक. हे देशातल्या सगळ्या घरांचे चित्र आहे, फक्त आपले नाही. पण २८९ मिनिटे म्हणजे जवळजवळ पाच तास. आपण वर मुलीच्या अभ्यासासाठी जे पाच तास धरले, ते हेच पाच तास! ते कोणाच्या तरी हातून घरात परत यायला हवेत, नाहीतर कागदावरचे वेळापत्रक कागदावरच राहील.

म्हणून वेळापत्रक मुलीच्या खोलीत लावू नका (बऱ्याच घरांत मुलीला खोली नसतेच). ते स्वयंपाकघराच्या दारावर लावा, आणि लावण्याआधी सगळ्या घराला एकत्र बसवा, अब्बा आणि भाऊ धरून. एका कागदावर रमजानमधली घरची कामे लिहा. सहरीची भांडी, पाणी भरणे, बाजारातून फळे आणि बर्फ आणणे, फळे कापणे, दस्तरखान मांडणे आणि उचलणे, मशिदीत पाठवायचे ताट भरणे, धाकट्यांना सांभाळणे. प्रत्येकासमोर नाव लिहा. बारावीच्या मुलीचे नाव एकाच कामासमोर लिहा, असर ते मगरिबमधल्या अर्ध्या तासाच्या. पंधरा वर्षांच्या भावाला फळे कापता येतात. त्याला कोणी सांगितलेले नसते, एवढेच. सहरीची भांडी अब्बांनी घासली तर त्यात कमीपणा नाही. आमच्या वाचकांपैकी काही घरांत हे आजही होते आणि तिथले अब्बा हे अभिमानाने सांगतात.

इफ्तारच्या ताटाबद्दलही थोडे. पाच प्रकार तळलेच पाहिजेत असे कोणी सांगितले? परीक्षा असलेल्या घरात त्या महिन्यापुरते खजूर, फळे, एक पातळ पदार्थ आणि एखादाच तळलेला, एवढे ठेवले तर अम्मीचा रोजचा तासभर तरी वाचेल. समोसे-कटलेट शाबानमध्येच करून गोठवून ठेवणाऱ्या भगिनी आता पुष्कळ आहेत. पाहुण्यांना इफ्तारची दावत पेपर संपल्यावर द्या. नातेवाईक दोन दिवस रुसतील, मग विसरतील. त्यांच्या घरी परीक्षा आली की त्यांनाही पटेल.

फोनबद्दल पत्रांत नेहमी विचारले जाते, म्हणून थोडक्यात. 'नोट्स व्हॉट्सॲपवर येतात' हे मुलांचे म्हणणे खोटे नसते, आणि म्हणूनच ते मोडता येत नाही. आठवड्यातून एकदा त्या नोट्स झेरॉक्सच्या दुकानात छापून आणा. पन्नास-शंभर रुपये जातील. त्यानंतर अभ्यासाच्या वेळी फोन तिच्याजवळ असण्याचे कारणच उरत नाही. फोन बंद करून तिच्याच शेजारी ठेवू नका, दुसऱ्या खोलीत, उंच फळीवर ठेवा. आणि तो नियम घरातल्या मोठ्यांनाही लावा. अम्मी-अब्बा सोफ्यावर रील बघत असताना मुलीला 'फोन ठेव' म्हणणे चालत नाही. घड्याळ म्हणून फोन हवा असेल तर दीडशे रुपयांचे गजराचे घड्याळ आणा. इटलीच्या फ्रान्सेस्को चिरिल्लो यांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थी असताना स्वयंपाकघरातले टोमॅटोच्या आकाराचे टायमर समोर ठेवून पंचवीस मिनिटे अभ्यास आणि पाच मिनिटे विश्रांती अशी रीत सुरू केली, ती आज जगभर चालते. तुमच्याकडे टोमॅटो नसेल तर कुकरच्या शिट्ट्या मोजा, हे आम्ही निम्मे गमतीने आणि निम्मे खरेच सांगतो. भात-डाळ होईपर्यंत जागचे उठायचे नाही, असे ठरवून अभ्यास करणारी एक मुलगी आम्हाला माहीत आहे.

दुसऱ्या दोन पत्रांना इथेच उत्तर देतो. एका तरुणाने लिहिले आहे की तो चार वर्षे स्पर्धा परीक्षेची तयारी करतो आहे आणि रोज बारा तास अभ्यासिकेत बसतो. भाईजान, बारा तास बसण्याचा हिशेब आम्हाला नको. त्या बारा तासांत पुस्तक मिटून किती लिहिले, तेवढेच आठवडाभर वहीत टिपून ठेवा आणि मग आम्हाला पुन्हा लिहा. दुसरे पत्र एका तीन मुलांच्या आईचे. लग्नामुळे सुटलेली पदवी त्यांना यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पुरी करायची आहे, पण 'मुले मोठी झाली की' असे म्हणता म्हणता आठ वर्षे गेली. ताई, मुले मोठी होतच राहतात. तुम्ही फजर ते मुलांची शाळा यांमधला एक तास तुमच्या नावे लिहून टाका आणि घरात जाहीर करा. जाहीर केलेला तास टिकतो. मनात ठेवलेला तास दुसऱ्या कोणाचा तरी होऊन जातो.

पुन्हा बारावीकडे येऊ, एक गोष्ट राहिलीच. ईद. रमजान फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात लागला तर ईद मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास येईल, आणि तेव्हा दहावी-बारावीचे काही पेपर बहुधा बाकी असतील. बोर्डाचे वेळापत्रक जाहीर झाले की ईदच्या आगेमागे कोणता पेपर येतो ते लाल पेनाने खूण करून ठेवा आणि त्या विषयाची मंजिल डिसेंबरपासूनच पक्की करत आणा, कारण त्या दोन दिवसांत घरात अभ्यास होणार नाही आणि होऊ नये. ईदची खरेदी शेवटच्या दहा दिवसांवर टाकू नका. त्या गर्दीत मुलीला दोन संध्याकाळी बाजारात घालवाव्या लागतात, आणि तिला न घेता गेलात तर आणलेला रंग तिला आवडत नाही. कापड जानेवारीत घ्या, पूर्वपरीक्षा संपल्याच्या आनंदात तिला बरोबर नेऊन. आणि मापे देऊन तेव्हाच शिंप्याकडे टाका. रमजानचा पहिला अशरा उलटला की कोणताही शिंपी नवे कापड हातात धरत नाही.